३ मधून ८ ‘जात नाहीत’ : क्लोजर प्रॉपर्टी नक्की काय म्हणते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी आठवीत आहे, पुस्तकात लिहिलंय की नैसर्गिक संख्या वजाबाकीसाठी संवृत नाहीत, आणि ती म्हणते ८ − ३ = ५ येतं की, ५ नैसर्गिकच आहे, मग ‘नाही’ का. क्लासमध्ये उत्तर मिळालं ‘तक्ता पाठ कर’. आणि तुम्ही विचारलंय की हे पाठच करायचं असतं का आणि याचा पुढे उपयोग काय.

मी बावीस वर्षं आठवी ते बारावीच्या पोरांना गणित शिकवतोय, त्याआधी चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. माझं मत विचाराल तर तो हो-नाहीचा तक्ता पाठ करणं म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय, कारण दोन महिन्यांनी तो जातोच डोक्यातून, आणि तुमची पोरगी जे विचारतेय ना तोच या धड्यातला खरा प्रश्न आहे. तिला आधी शाबासकी द्या.

आता तिला एक आठवण करून द्या. दुसरी-तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकताना बाई काय म्हणायच्या? ‘३ मधून ८ जात नाहीत, म्हणून शेजारून एक दशक घ्या.’ आणि भागाकारात? ‘७ ला २ ने भाग जात नाही.’ हे ‘जात नाही’ म्हणजेच संवृत नाही! आपल्या मराठीत हे आपण सात-आठ वर्षांचे असल्यापासून बोलतोय, फक्त आठवीत आल्यावर त्याला संवृत, क्लोजर असली भारदस्त नावं मिळतात आणि पोरं घाबरतात.

व्याख्या साध्या भाषेत अशी. एक संच घ्या, एक क्रिया घ्या. संचातल्या कुठल्याही दोन संख्या उचला (तीच संख्या दोनदा उचलली तरी चालते, हे पोरं विसरतात), त्यांच्यावर ती क्रिया करा, उत्तर त्याच संचात आलं पाहिजे. आणि हे प्रत्येक जोडीसाठी, प्रत्येक वेळेला, कुठल्याही क्रमाने घेतलं तरी. एकदाही बाहेर गेलं की संपलं. पावसाळ्यात ‘आमचं छत गळत नाही’ असं म्हणायचं तर अख्खं छत कोरडं पाहिजे ना, नव्वद टक्के कोरडं आहे पण देवघरावर थेंब पडतोय म्हणजे छत गळतंच. ८ − ३ ही कोरडी जागा आहे, ३ − ८ हा थेंब. उत्तर −५, आणि ते नैसर्गिक संख्यांमध्ये नाही. ५ − ५ पण बघा, ० येतं, तेही १, २, ३... या यादीत नाही. झालं, एवढंच उत्तर.

दुसरा घोळ असा की पोरं म्हणतात ‘नैसर्गिक संख्या संवृत आहेत का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. नुसत्या संचाबद्दल हे बोलताच येत नाही, कुठल्या क्रियेसाठी ते सांगावं लागतं. तोच संच बेरजेला संवृत, वजाबाकीला नाही.

माझा नेहमीचा खेळ सांगतो, घरी करून बघा. समजा खिशात फक्त २ ची आणि ५ ची नाणी आहेत, हवी तेवढी, पण दुकानदार सुट्टे परत देणार नाही. कुठली कुठली रक्कम देता येईल? ० (काहीच न घेता निघालो), २, ४, ५, ६, ७, ८, ९... सगळं जमतं, फक्त १ आणि ३ जमत नाहीत. आता हा संच बेरजेला संवृत आहे का? आहे, कारण एक रक्कम देता येते, दुसरीही येते, तर दोन्हीची नाणी एकत्र ओतली की बेरजेची रक्कम झाली, यात कुठली आकडेमोड पण नाही करावी लागत. वजाबाकीला? ५ − २ = ३, आणि ३ आपल्याला देता येत नाहीत. गेलं. आता दुकानदार सुट्टे परत द्यायला तयार झाला तर? ५ चं नाणं दिलं, २ चं परत घेतलं, ३ दिले! ५ दिले, २ ची दोन परत घेतली, १ दिला. म्हणजे ‘परत देणे’ आत घेतलं की सगळे पूर्णांक मिळतात, ऋण सुद्धा, कारण आता दुकानदारच आपल्याला पैसे देऊ शकतो. ऋण संख्या ही काय भानगड आहे ते पोरांना इथे जेवढं कळतं तेवढं संख्यारेषेवर कळत नाही असा माझा अनुभव आहे.

(गुणाकार? २ × ५ = १०, ४ × ७ = २८... हा संच गुणाकारालाही संवृत आहे. का, ते मुलीला शोधू दे. हिंट: गुणाकार १ किंवा ३ यायचा तर आधी संचात काय असावं लागेल?)

आपल्याकडच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात नेमके याच पद्धतीने नियम लिहिले, धन म्हणजे असलेली संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज, आणि शून्य. धन-धनाची बेरीज धन, ऋण-ऋणाची ऋण, धन आणि ऋण सारखे असले तर शून्य, ऋण गुणिले ऋण धन, असं सगळं ओळीने. पाठ्यपुस्तकात आपण जे चिन्हांचे नियम म्हणून घोकतो ते त्याने तेव्हा मांडून ठेवलेत. आणि नीट पाहिलं तर ते नियम काय सांगतायत? की धन, ऋण, शून्य एकत्र धरले तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार काहीही करा, तुम्ही याच तिघांत राहता.

आता बाकीचे संच पटकन उरकतो. नैसर्गिक आणि पूर्ण संख्या (म्हणजे नैसर्गिक आणि वर ०) बेरीज-गुणाकाराला संवृत, वजाबाकी-भागाकाराला नाहीत. पूर्णांकांत वजाबाकी जमते, भागाकार नाही, ७ ÷ २. परिमेय संख्यांमध्ये (एका पूर्णांकाला ० नसलेल्या दुसऱ्या पूर्णांकाने भागून लिहिता येतात त्या) वाटतं की भागाकारही जमला, आणि इथेच परीक्षेत मार्क जातात, कारण परिमेय संख्यांमध्ये ० आहे आणि ० ने भाग जात नाही. पुस्तकाचा तक्ता म्हणून तिथे ‘नाही’ म्हणतो. ० काढून टाका, शून्येतर परिमेय संख्या घ्या, मग भागाकारालाही संवृत. पण गंमत म्हणजे ० काढल्याबरोबर बेरीज बिघडते, ५ + (−५) = ० आणि ० आता बाहेर! एका बाजूला ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवतं.

० ने का जात नाही हे विचारलं तर ‘इन्फिनिटी येतं’ असं सांगू नका, निम्मे सर पण तेच सांगतात. असं सांगा: ५ ÷ ० समजा क आलं, तर क × ० = ५ व्हायला पाहिजे, पण कुठल्याही संख्येला ० ने गुणलं की ० च येतं. म्हणून असा क नाहीच. ० ÷ ० मध्ये उलटी अडचण, तिथे कुठलाही क चालतो, मग उत्तर कुठलं म्हणायचं. ब्रह्मगुप्त इथे चुकला होता, त्याने ० ÷ ० = ० लिहिलं. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिला अनंत मानलं, तिच्यात काही मिळवा नाहीतर काढा ती बदलत नाही म्हणाले. आजच्या हिशेबात तेही बसत नाही, पण इतक्या मोठ्या माणसांना जिथे ठेच लागली तिथे आठवीतल्या पोराला लागली तर रागवू नये एवढं मात्र खरं.

भास्कराचार्यांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या बीजगणितातली एक ओळ सांगतोच, मला ती फार आवडते: ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’. क्षय म्हणजे ऋण, कृति म्हणजे वर्ग. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही. १२ व्या शतकातलं ‘जात नाही’ आहे हे! वास्तव संख्या (संख्यारेषेवरच्या सगळ्या) वर्गमूळ काढण्याच्या क्रियेला संवृत नाहीत हे त्यांनी कारणासकट एका ओळीत सांगितलं. पुढे युरोपात या गळतीसाठी काल्पनिक संख्या आल्या, अकरावीत भेटतील तिला. (चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याबद्दलचा. पाटणादेवीला कधी गेलात तर मुलीला सांगा.)

आता पडताळायचं कसं, कारण खरी चूक इथे होते. एका मुलाने मला एकदा छातीठोक सांगितलं, सर मूळ संख्या बेरजेला संवृत आहेत. मी म्हटलं कशावरून. म्हणे २ + ३ = ५, २ + ५ = ७, २ + ११ = १३, तीन तीन उदाहरणं दिली! मी म्हटलं ३ + ५ कर. गप्प. ‘नाही’ म्हणायला एक उदाहरण पुरतं, ‘हो’ म्हणायला हजार उदाहरणं पण पुरत नाहीत, तिथे अक्षरं वापरूनच दाखवावं लागतं.

सम संख्या घ्या. कुठल्याही दोन सम संख्या म्हणजे २म आणि २न, बेरीज २म + २न = २(म + न), ही पण सम. संपलं, दोन ओळी. पण तिला विचारा, हे २(म + न) सम आहे असं म्हणताना तू काय गृहीत धरलंस? की म + न हा पूर्णांक आहे. का आहे? कारण पूर्णांक बेरजेला संवृत आहेत! परिमेय संख्यांचंही तसंच. अ/ब + क/ड = (अड + बक)/(बड). वरचा भाग पूर्णांक आहे कारण पूर्णांक बेरीज-गुणाकाराला संवृत. आणि खालचा बड शून्य नाही कारण शून्येतर पूर्णांक गुणाकाराला संवृत, दोन शून्येतर संख्या गुणून शून्य येत नाही. म्हणजे हे छेद समान करून बेरीज करतो ना आपण पाचवीपासून, ती चालतेच मुळी या जोरावर. पेपरमध्ये एवढं लिहिलं तर तपासणारा खूश होतो, आणि नाही झाला तरी पोरीला कळलेलं असतं.

उपयोग विचारलात ना, तर दहावीत एक प्रश्न ठरलेला असतो, ५ + √३ अपरिमेय (म्हणजे परिमेय नसलेली) आहे हे सिद्ध करा. पोरं त्याची सिद्धता पाठ करतात, आणि शेवटची ओळ का येते ते त्यांना ठाऊक नसतं. ती अशी: समजा ५ + √३ परिमेय आहे. ५ तर परिमेय आहेच. परिमेय संख्या वजाबाकीला संवृत, म्हणून (५ + √३) − ५ म्हणजे √३ परिमेय यायला पाहिजे. पण √३ अपरिमेय आहे. म्हणजे समजलेलं चूक. अख्खी सिद्धता त्या एका ‘संवृत’ शब्दावर उभी आहे! आठवीत तो तक्ता म्हणून उडवून लावला की दहावीत ही सिद्धता मंत्रासारखी घोकावी लागते.

मग पोरं म्हणतात अपरिमेय संख्या तरी संवृत असतील. नाहीत, त्या कशालाच संवृत नाहीत. √२ × √२ = २. (२ + √३) + (२ − √३) = ४. √२ − √२ = ०, √२ ÷ √२ = १. चारही क्रिया गळतात. नववीत परिमेय आणि अपरिमेय असे दोन गट शेजारी शेजारी काढतात त्यामुळे वाटतं दोन्ही सारख्या तोलाचे, तसं अजिबात नाहीये. परिमेय म्हणजे स्वतःचं घर असलेली मंडळी, अपरिमेय म्हणजे वास्तव संख्यांतून परिमेय उचलल्यावर जे उरलं ते.

एक संच पुस्तकात सहसा नसतो पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण रोजचे व्यवहार आपण त्यातच करतो. ज्यांचा दशांश भाग कुठेतरी संपतो त्या संख्या, ०.५, २.७५, −१३.०२ अशा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तिन्हीला संवृत. भागाकारात १०० रुपये तिघांत वाटायला घ्या, ३३.३३३... संपतच नाही. म्हणून तर हॉटेलच्या बिलात तिघांतला एक जण नेहमी ३४ देतो, आणि तो नेहमी मीच का असतो ते कळत नाही!

आता थोडं कॉम्प्युटरचं, कारण मला ही प्रॉपर्टी खरी कळली ती तिथे, कॉलेजात नाही. आधी एक कोडं: पूर्णांकांतला असा मोजक्या संख्यांचा संच सांगा जो बेरजेला संवृत आहे. फक्त एकच आहे, नुसत्या शून्याचा. कारण संचात दुसरी कुठलीही संख्या असली, समजा ३, तर ३ + ३ = ६ लागणार, ६ + ३ = ९ लागणार, १२ लागणार, संपायचंच नाही. (गुणाकाराला मात्र −१, ० आणि १ हा तिघांचा संच संवृत आहे, बघा करून.) आता कॉम्प्युटरमधला ३२ बिटचा (० किंवा १ च्या ३२ खणांत मावणारा) पूर्णांक म्हणजे −२१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंतच्या संख्या, म्हणजे संच मोजकाच. म्हणजे तो खऱ्या बेरजेला संवृत असूच शकत नाही, कुठली कंपनी कितीही हुशार असली तरी. मग जावासारख्या भाषेत काय करतात, तर सर्वात मोठ्या संख्येत १ मिळवला की ती गोल फिरून सर्वात लहान ऋण संख्येवर येते, आणि कुठलीही एरर येत नाही. मी नवीन होतो तेव्हा एका रिपोर्टमध्ये एकूण विक्री ऋण दिसायला लागली, दोन दिवस डेटा तपासत बसलो, डेटा बरोबरच होता, बेरीज संचाच्या बाहेर गेली होती. आमच्या सिनियरने एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘डबा लहान पडलाय’.

याच कारणाने १९ जानेवारी २०३८ ही तारीख प्रोग्रामर लोकांना पाठ असते. बऱ्याच जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजतात, त्या दिवशी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की डबा भरतो, आणि पुढच्या सेकंदाला अशी सिस्टीम थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोचते. नव्या सिस्टीम ६४ बिटवर गेल्या आहेत, तिथे डबा इतका मोठा आहे की आपल्याला काळजी नाही.

गोल फिरणं नेहमी वाईटच असतं असंही नाही. भिंतीवरचं घड्याळ बघा, रात्री ९ ला पुण्याहून बसलात आणि प्रवास ५ तासांचा, पोचणार २ वाजता, कुणी १४ म्हणत नाही. १ ते १२ एवढ्याच संख्या, पण बेरीज या घड्याळी पद्धतीने केली की संच संवृत. म्हणजे ‘जात नाही’ वर दोन उपाय झाले: एक तर संच वाढवा, जसं नैसर्गिकचे पूर्णांक केले, नाहीतर क्रियाच बदला.

शेवटी एक थोडं अवघड सांगतो, मुलीला आत्ता नाही पेललं तरी ठेवून द्या. क्ष² − २य² = १ हे समीकरण पूर्णांकांत सोडवायचंय. एक जोडी दिसतेच, क्ष = ३, य = २, कारण ९ − ८ = १. ब्रह्मगुप्ताने युक्ती काढली, तिला ‘भावना’ म्हणतात: दोन उत्तरांच्या जोड्या घ्या, दोन्ही क्ष चा गुणाकार अधिक दोन्ही य च्या गुणाकाराची दुप्पट, हा नवा क्ष. तिरका गुणाकार करून बेरीज, हा नवा य. (३, २) ची स्वतःशीच भावना केली तर क्ष = ९ + ८ = १७, य = ६ + ६ = १२. तपासा, २८९ − २८८ = १. परत (१७, १२) आणि (३, २) घ्या, मिळतं (९९, ७०), ९८०१ − ९८०० = १. म्हणजे उत्तरांचा संच या भावनेला संवृत आहे! एक उत्तर सापडलं की यंत्रासारखी हवी तेवढी काढत बसा. यात २ च्या जागी ६१ असेल तर पहिलं उत्तर शोधणंच महाकठीण, भास्कराचार्यांनी चक्रवाल (त्याच पायऱ्या फिरून फिरून करायच्या) पद्धतीने ते काढलं, क्ष = १७६६३१९०४९ आणि य = २२६१५३९८०. याच ६१ चं आव्हान पुढे १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातल्या गणितज्ञांना दिलं होतं.

तर ताई, तक्ता पाठ करायला लावू नका. त्याऐवजी रोज एक संच द्या तिला, विषम संख्या, ३ च्या पटीतल्या संख्या, पूर्ण वर्ग, ज्यांच्या शेवटी ५ आहे त्या संख्या, आणि चारही क्रिया करून गळती शोधायला सांगा. शेवटी ५ वाला आधी द्या, बेरजेत पहिल्याच फटक्याला गळतो आणि गुणाकारात कधीच गळत नाही, ‘का नाही गळत’ याच्यावर ती बराच वेळ बसेल. अडली तर तिने काय काय करून पाहिलं ते कळवा, मी बघतो.